गाडी, डबा आणि आपली माणसे

लोकल गाडीने कामाला जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हिंदी चित्रपटाने मध्यवर्ती स्थान दिले, असे प्रसंग थोडेच. त्यांतील दोन चित्रपट आमच्या विशेष लक्षात राहिले आहेत. पहिला बासू चॅटर्जी यांचा १९७९ सालचा ‘बातों बातों में’ आणि दुसरा रितेश बत्रा यांचा २०१३ सालचा ‘द लंचबॉक्स’. दोहोंत वांद्रे आहे, कचेरी आहे आणि रोजची गाडी आहे. दोहोंच्या मध्ये चौतीस वर्षांचे अंतर आहे. अलीकडे हे दोन्ही चित्रपट आम्ही लागोपाठ पाहिले, तेव्हा करमणुकीपलीकडचा एक प्रश्न मनात उभा राहिला आणि तो वाचकांपुढे ठेवावासा वाटला. शहरात राबणाऱ्या तरुण माणसाचा प्रवास, त्याचे जेवण, त्याची आवडनिवड या साध्या गोष्टींकडे या दोन कलाकृतींनी कसे पाहिले, हे तपासू लागलो. तपासता तपासता आपण स्वतः आपल्या तरुणांकडे कसे पाहतो, या प्रश्नापाशी येऊन थांबलो.

‘बातों बातों में’ची कथा अगदी सरळ आहे. टोनी ब्रगँझा (अमोल पालेकर) आणि नॅन्सी परेरा (टीना मुनीम) ही दोघे सकाळच्या नऊ-दहाच्या वांद्रे-चर्चगेट गाडीने कामाला जातात. दोघांना ओळखणारे टॉम अंकल (डेव्हिड) त्यांची गाठ घालून देतात. नॅन्सीची विधवा आई रोझी (पर्ल पदमसी) होऊ घातलेल्या जावयाच्या पगाराचा हिशेब मांडते, भाऊ (रणजित चौधरी) आपल्या वाद्यात रमलेला असतो. प्रेम जुळते, लग्नाच्या विषयावरून बिनसते आणि पुन्हा जुळते. खलनायक नाही, मारामारी नाही, श्रीमंतीचा दिमाख नाही. पगारावर घर चालवणाऱ्या माणसांच्या आयुष्यातही सांगण्यासारखे काही असते, हा विश्वास या चित्रपटाच्या मुळाशी आहे आणि तोच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

या टोनीला चित्रे काढण्याचा छंद आहे. गाडीत बसल्या बसल्या त्याची पेन्सिल चालू असते. चॅटर्जी स्वतः चित्रपटात येण्यापूर्वी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात अनेक वर्षे व्यंगचित्रकार होते. म्हणूनच की काय, नायकाच्या हातची पेन्सिल ही केवळ नायिकेला मोहविण्याची युक्ती वाटत नाही, ती त्या तरुणाचे स्वतःचे जग वाटते. कचेरीतला हिशेब मालकाचा, घरातली चिंता वडीलधाऱ्यांची. परंतु गाडीतली ती अर्धी-पाऊण घटका त्याची स्वतःची. वांद्र्याहून चर्चगेट सुमारे पंधरा किलोमीटर. एवढ्या प्रवासात बसायला जागा मिळते, समोरच्या बाकावरची मुलगी दिसते आणि मनात काही उमलायला अवकाश उरतो. तरुण नोकरदाराच्या जीवनाचे हे चित्र प्रसन्न आहे. त्याला घर आहे, शेजार आहे, गाडीत भेटणारा आणि आपल्या भल्याची काळजी वाहणारा एक म्हातारा अंकल आहे. जेवणाची विवंचना त्याला नाही, कारण वाट पाहणारे कोणीतरी घरात आहे.

या चित्रातील उणेपण आम्हांला दिसत नाही असे नाही. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणसाला दीर्घकाळ गुत्तेवाला, गुंडाचा साथीदार, नाहीतर साहेबाची सेक्रेटरी केले. चॅटर्जींनी त्याला सभ्य, मध्यमवर्गीय, आपल्या-तुपल्यासारखा माणूस केले, हे त्यांचे ऋण मान्य करावयास हवे. तथापि त्यांचेही वांद्रे बाहेरून पाहिलेले आहे. रणवार, चुईम, पाली, चिंबई या गावठाणांतील मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली मराठीची होती; १८८७ साली त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, तरी चुलीपाशी बोलणे त्याच बोलीत चालले. त्या बोलीचा, त्या चुलीचा, त्या गाण्यांचा वास या चित्रपटाला लागलेला नाही. ख्रिस्ती म्हणजे फ्रॉक, पाश्चात्त्य वाद्य आणि मोकळे हसणे, ही समजूत येथे मायेने वापरली आहे, मोडलेली मात्र नाही.

आता ‘द लंचबॉक्स’कडे वळू. साजन फर्नांडिस (इरफान खान) हा सरकारी कचेरीच्या दावे विभागात पस्तीस वर्षे काम केलेला विधुर. निवृत्तीला थोडे दिवस उरले आहेत. वांद्र्याच्या जुन्या वस्तीत तो एकटा राहतो, संध्याकाळी सिगारेट ओढत समोरच्या घरातील कुटुंब जेवताना पाहतो आणि त्या घरातली मुलगी खिडकी लावून घेते. दुपारचा डबा तो खानावळीतून मागवतो. एके दिवशी डबेवाल्याच्या हातून चूक होते आणि इला (निम्रत कौर) या गृहिणीने नवऱ्याचे मन जिंकण्यासाठी केलेला डबा साजनच्या टेबलावर येतो. डबा चाटूनपुसून रिकामा परत जातो, दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी येते आणि मग रोजचा पत्रव्यवहार सुरू होतो. दोन एकाकी जीव न भेटता एकमेकांना आपले मन सांगतात. इलाच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू पडद्यावर कधीच दिसत नाहीत, केवळ भारती आचरेकर यांचा आवाज ऐकू येतो. आणि त्या आवाजात पंधरा वर्षे बेशुद्ध पडलेल्या नवऱ्याची सेवा करणारी एक अखंड स्त्री उभी राहते. हा चित्रपट कान येथील समीक्षक सप्ताहात दाखविला गेला आणि जगभर वाखाणला गेला. इरफान खान २९ एप्रिल २०२० रोजी निवर्तले. त्यांच्या थोर भूमिकांत साजनची गणना होते ती योग्यच आहे.

या चित्रपटावर जे लिहिले गेले ते बहुतेक साजन आणि इला यांच्याविषयी. आम्हांला मात्र तिसऱ्याच पात्राविषयी बोलायचे आहे. साजनच्या जागी नेमलेला, त्याच्याकडून काम शिकण्यासाठी आलेला असलम शेख (नवाजुद्दीन सिद्दिकी) हा या कथेतला खरा तरुण नोकरदार. तो अनाथ आहे. सौदी अरेबियात काम करून आला आहे, हिशेबाचे काम आपले आपण शिकला आहे. साजन त्याला टाळतो, उद्या ये म्हणतो, जेवणाच्या वेळी तोंड फिरवतो. शेख हटत नाही. दुपारच्या जेवणाला त्याच्याकडे फळापलीकडे काही नसते. पुढे साजन आपल्या डब्यातला घास त्याच्यापुढे सरकवतो, आणि चित्रपटात प्रथमच कचेरीच्या उपाहारगृहातले ते टेबल घरासारखे दिसू लागते.

शेखचा सर्वांत बोलका प्रसंग परतीच्या गाडीतला आहे. तो मांडीवर कचेरीच्या कागदांचे बाड घेतो, त्याचाच पाट करतो आणि रात्रीच्या जेवणाची भाजी चिरू लागतो. प्रेक्षक हसतात. आमच्या परिसरातील स्त्रिया मात्र हसणार नाहीत, कारण बायकांच्या डब्यात मटार सोलणे, मेथी निवडणे, गवार मोडणे हा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली आणि पुढे ती विरारपर्यंत नेण्यात आली. त्या गाडीत किती घरांच्या रात्रीच्या भाज्या निवडल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याच रेल्वेकडे नाही. बत्रांनी तेच काम पुरुषाच्या हाती दिले, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. डोंगरीच्या घरी मेहरुन्निसा आहे. घरचा विरोध पत्करून ती शेखकडे आली आहे. तिच्यासाठी हा माणूस स्वयंपाक करतो, आणि साजनला घरी जेवायला बोलावून आपल्या हातचा पसंदा वाढतो. ज्याला आईच्या हातचे जेवण ठाऊक नाही, तो दुसऱ्याला वाढून घर उभे करतो.

आणखी एक बारकावा. शेख बोलताना वारंवार ‘माझी आई म्हणते’ असे म्हणतो. तो अनाथ असल्याचे समजल्यावर साजनला आश्चर्य वाटते, तेव्हा शेख सांगतो की आईचे नाव घेतले की बोलण्याला वजन येते. लेखकाने येथे कुठेही गहिवर आणलेला नाही, तो अनाथपणाचे भांडवल करीत नाही, आणि तरीही नसलेल्या आईची जागा त्या एका वाक्यात दिसते. टोनीची पेन्सिल आणि शेखची सुरी यांची तुलना आम्ही येथे करू इच्छितो. दोन्ही गोष्टी गाडीतच बाहेर निघतात, दोन्ही कचेरीच्या नियमात बसत नाहीत. परंतु टोनीचा छंद वेळ उरला म्हणून आहे. शेखची आवड वेळ उरत नाही म्हणून गाडीत आली आहे. चौतीस वर्षांत मुंबईतल्या नोकरदार तरुणाचे काय झाले, हे कोणत्याही अहवालापेक्षा या दोन दृश्यांनी अधिक स्पष्ट केले, असे आमचे मत आहे.

दोषांचाही विचार करावयास हवा. पहिला दोष कथेच्या सांध्याचा. डबेवाल्यांची शिस्त जगाने नावाजली आहे; २००३ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स मुंबईत आले असता त्यांनी डबेवाल्यांची भेट घेतली आणि २०१० साली हार्वर्डने त्यांच्या कामावर अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रपटातला डबेवालाही इलाला हाच दाखला देऊन चूक नाकारतो. एकदा चूक होणे मानवी आहे. परंतु तोच डबा दिवसामागून दिवस त्याच चुकीच्या टेबलावर जातो आणि इलाच्या नवऱ्याला आपण बायकोच्या हातचे खात नाही याची दखलही नसते, हे पचविण्यासाठी प्रेक्षकाला बरीच सवलत द्यावी लागते. नवऱ्याची बेपर्वाई दाखविण्यासाठी ते आवश्यक होते, हे आम्हांला समजते. पण त्या पायी नवऱ्याचे पात्र माणूस न राहता निव्वळ सोय होऊन बसले आहे.

दुसरा दोष आमच्या दृष्टीने अधिक गंभीर. साजन फर्नांडिस ख्रिस्ती आहे तो केवळ आडनावापुरता. दिवंगत पत्नीने ध्वनिचित्रफितीवर टिपून ठेवलेली ‘ये जो है जिंदगी’ ही जुनी मालिका तो रात्री पाहत बसतो; हा त्याचा एकमेव विरंगुळा, आणि तो दृश्यभाग हृदयाला भिडतो. पण त्याचा रविवार कोठे जातो, हे चित्रपट सांगत नाही. पत्नीच्या आत्म्याच्या शांतीसाठी त्याने कधी मिस्सा अर्पण करवली का, तिच्या दफनाला कोण आले होते, महिनाअखेरीस त्याच्या दारी जपमाळेसाठी कोणी येते का, याचा मागमूस नाही. वांद्र्यासारख्या ठिकाणी, जेथे देवळाच्या घंटेवर पिढ्यानपिढ्यांचा दिवस लागत आला, तेथे पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला धर्मग्रामच नसावा, हे कसे? एकाकी म्हातारा हवा होता. त्याला कुटुंबाचा गोतावळा चिकटू नये म्हणून लेखकाने त्याला फर्नांडिस केले, अशी शंका आम्हांला येते. पूर्वीच्या चित्रपटांतील ख्रिस्ती हा दारू पिणारा होता. या चित्रपटातील ख्रिस्ती हा एकटा आहे. साचा बदलला, साचेबंदपणा राहिला.

येथवर लिहून आम्ही थांबलो होतो. तक्रार रास्त होती आणि ती आमच्या वाचकांना रुचलीही असती. परंतु पुन्हा एकदा विचार करता आम्हांला आमचीच लेखणी जड वाटू लागली. आपल्या धर्मग्रामात साजन नाही, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो काय? रविवारच्या सकाळच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर बसून, आशीर्वाद होताच निघून जाणारा तो विधुर आपण पाहिलेला नाही? मुले कॅनडाला किंवा आखाती देशांत गेली, बायको गेली, घर मोठे आणि चूल बंद. नाताळच्या कार्यक्रमाची वर्गणी घ्यायला आपण त्याच्या दारी जातो. तो काल काय जेवला, हे विचारायला जातो काय?

चित्रपटातील एक पत्र या संदर्भात आठवते. साजन इलाला लिहितो की पत्नी वारली तेव्हा तिला आडवी कबर मिळाली. आता स्वतःसाठी जागा घ्यायला गेलो तर उभी जागा देऊ म्हणाले. जन्मभर गाड्या आणि बसमधून उभ्याने प्रवास केला, मेल्यावरही उभेच राहायचे. असे उभे दफन आपल्या दफनभूमीत होत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि जागेच्या टंचाईमुळे मुंबईत कबर काही काळाने पुन्हा उघडली जाते आणि अस्थी भिंतीतल्या लहान कोनाड्यात ठेवल्या जातात, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्या आईवडिलांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून तो विनोद आपल्याला इतरांपेक्षा अधिक झोंबतो. ज्या शहराने जिवंतपणी बसायला जागा दिली नाही, ते मेल्यावर तरी आडवे होऊ देईल का, हा प्रश्न विनोदाच्या आवरणाखाली आहे.

आणि बसायला जागा म्हटले की वांद्रे मागे पडते व आमचे मन वसईकडे येते. १९७९ आणि २०१३ यांच्या दरम्यान घडलेली मोठी गोष्ट ही की शहरातला साधा नोकरदार वांद्र्यात घर घेण्याच्या ऐपतीचा राहिला नाही. तो उत्तरेकडे सरकत गेला. भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. आपल्या वाड्यांतील मुले याच गर्दीत आहेत. शेतीवाडी आटली आणि केळी, पान, फुले यांवर घर चालेना, तशी तीही शहराकडे वळली. वसई रोडहून चर्चगेट सुमारे बावन्न किलोमीटर, विरारहून साठ. या दोन्ही चित्रपटांतली गाडी मुंबईच्या आतली आहे. आपल्या मुलांचा प्रवास त्या गाडीच्या कितीतरी आधी सुरू होतो.

त्या प्रवासाचे शास्त्र आम्ही येथे वेगळे सांगावयास नको. बसायला मिळावे म्हणून नालासोपाऱ्याचा मुलगा आधी उलट दिशेने विरारला जातो आणि तीच गाडी धरून परत येतो. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा द्यायची, या न लिहिलेल्या नियमाला ‘चौथी सीट’ म्हणतात. अर्ध्या मांडीवर तास-सव्वा तास बसलेला तो चौथा माणूस चेहऱ्यावर समाधान घेऊन बसलेला असतो. रोजच्या गाडीतले गट असतात, भजने चालतात, पत्त्यांचा डाव पडतो, कुणाचा वाढदिवस झाला तर वडापाव वाटला जातो. पहाटे घर सोडलेला तरुण रात्री नवाच्या सुमारास परततो. आईने पहाटे उठून भरून दिलेला डबा दुपारपर्यंत गार झालेला असतो. जे अंधेरी-मालाडला चौघांत मिळून खोली घेऊन राहतात, त्यांच्या सामानात आईने दिलेली बाटली मसाल्याची बरणी असते. रविवारी तो मसाला घालून केलेले कालवण घरच्यासारखे का होत नाही, हे दूरध्वनीवर आईला विचारले जाते. गायनवृंदात ज्याचा आवाज खणखणीत होता, तो मुलगा सरावाला येईनासा होतो. फुटबॉलच्या मैदानावरून एकेक खेळाडू गळतो. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या तेव्हा काहींना घरून काम मिळाले, काहींचे कामच गेले. आता गर्दी पुन्हा पूर्वीसारखी आहे.

अशा मुलाला रविवारी सकाळी जाग आली नाही की आपण काय म्हणतो? तरुण पिढी श्रद्धाहीन झाली, असे म्हणतो. युवक मंडळाच्या बैठकीत उपस्थिती कमी का, म्हणून खेद व्यक्त करतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमासंबंधी जे परिपत्रक काढले, त्याचा गाभा असा की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे. हे आपण प्रवचनातून ऐकले आहे. परंतु कामाने ज्याचा दिवस गिळला, त्याच्यासाठी मिस्सेची वेळ बदलावी, सराव रात्री उशिरा ठेवावा, स्टेशनाजवळ एखादी संध्याकाळची प्रार्थना व्हावी, एवढा साधा विचारही आपण किती वेळा केला, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

आता ‘द लंचबॉक्स’कडे पुन्हा पाहिले की त्यातला आम्हांला डाचणारा दोष वेगळ्याच प्रकाशात दिसतो. या एकट्या ख्रिस्ती माणसाला कोण सावरते? एक हिंदू गृहिणी त्याला जेवू घालते. एक मुसलमान अनाथ त्याला आपल्या लग्नात वरपक्षाचा एकमेव वडीलधारा म्हणून उभा करतो आणि त्याच्यासोबत छायाचित्र काढून घेतो. शेवटी निवृत्तीनंतर नाशिकची वाट धरलेला साजन परत फिरतो, आणि इलाचे घर शोधताना त्याच्यासोबत असतात टाळ कुटत भजन म्हणणारे डबेवाले. मावळ-जुन्नरकडची, वारकरी वळणाची माणसे. दयाळू शोमरोनीचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो, आणि ऐकताना आपण स्वतःला नेहमी त्या शोमरोनीच्या जागी ठेवत आलो. येथे आपला माणूस वाटेवर पडलेला आहे आणि परका त्याच्या जखमा बांधतो आहे. त्या दाखल्यात याजक आणि लेवी वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून जातात, एवढे तरी लिहिले आहे. चित्रपटात धर्मग्राम त्या वाटेवर दिसतच नाही. हे दिग्दर्शकाचे अज्ञान असेल. ते त्याचे निरीक्षणही असू शकेल, आणि ही शक्यता आम्हांला अस्वस्थ करते.

म्हणून आम्ही आमचा दुसरा आक्षेप अर्धाच ठेवतो. कलाकृती म्हणून साजनचे ख्रिस्तीपण वरवरचे आहे, हे खरे. पण त्या पोकळीबद्दल केवळ दिग्दर्शकाला जाब विचारणे आपल्याला शोभणार नाही. आपले जीवन आपण लिहिले नाही तर ते दुसरा कोणीतरी बाहेरून लिहिणार, मग तो चॅटर्जींसारखा प्रेमळ असो की बत्रांसारखा सूक्ष्म. आपल्या लेखकांनी वाडी, विहीर, लग्नातली गाणी, बोलीतले शब्द यांवर जीव ओतून लिहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हिरव्या वसईसाठी लेखणी आणि पाय दोन्ही झिजवले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवून मराठी ख्रिस्ती लेखकाला मानाच्या आसनावर नेले. जे गेले त्याची आठवण जपणे हे साहित्याचे काम आहेच. परंतु आमच्या वाचनात येणाऱ्या लेखनात वाडीतले जुने घर जितके येते, तितकी पहाटेची गाडी येत नाही. पाटा-वरवंट्यावर लिहिणारी लेखणी मुलीच्या डब्यापाशी आल्यावर थांबते. तिसऱ्या पाळीहून परतलेल्या परिचारिकेचा रविवार, कॉल सेंटरातून सकाळी घरी येणाऱ्या मुलाची झोप, भाड्याच्या खोलीत चौघांनी वाटून घेतलेला स्वयंपाक, गाडीच्या दाराशी लोंबकळत मनातल्या मनात म्हटलेली जपमाळ, हे विषय साहित्याला कमी प्रतीचे नाहीत. ते लिहायला नायक-नायिका, योगायोग यांची गरज नाही. डोळे उघडे ठेवून लिहिलेले एक पान पुरे.

पहिल्या चित्रपटातील टॉम अंकल आम्हांला म्हणूनच पुन्हा आठवतात. त्यांचे पात्र विनोदी आहे, थोडे भोचकही आहे. पण गाडीत रोज दिसणारा तरुण कोण, त्याच्या मनात काय आहे, याची चौकशी करणारा एक वडीलधारा माणूस त्या कथेत आहे. दुसऱ्या कथेत वडीलधारा स्वतःच मुका होऊन बसला आहे आणि चौकशी तरुणाला करावी लागते. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेने निघालेल्या दोन शिष्यांबरोबर प्रभू चालत राहिला. त्यांनी त्याला चालताना ओळखले नाही, संध्याकाळी जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना ओळखले. त्यांनी ‘आमच्याकडे थांब’ असा आग्रह धरला, म्हणून ते जेवण झाले. प्रवासातला सोबती घरी बोलावण्याची ती रीत आपल्या वाड्यांत होती. आजही ती पूर्ण मोडलेली नाही.

दोन्ही चित्रपट आपल्या घरातील तरुणांसह पाहावेत, अशी आमची शिफारस आहे. ‘द लंचबॉक्स’ अगोदर, म्हणजे ‘बातों बातों में’चा गोडवा शेवटी राहील. पाहून झाल्यावर मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारावे की दुपारी डबा कोणाबरोबर खातोस. उत्तर ऐकून घ्यावे. आणि आपल्या गल्लीत संध्याकाळी एकट्याचाच दिवा लागणारे जे घर आहे, तेथे येत्या रविवारी कालवणाची एक वाटी पोहोचती करावी.